पासवर्ड विसरलात?

२८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी कोविन या सरकारी संकेतस्थळावर कोविडच्या लसीची नोंदणी सुरू झाली. साथीची दुसरी लाट ऐन भरात होती. घराघरांत लोक मोबाइल हातात धरून घड्याळाकडे बघत बसले होते. चार वाजून काही मिनिटं होतात न होतात तोच देशभरातून तक्रारी सुरू झाल्या: पान उघडत नाही, ओटीपी येत नाही, आलाच तर त्याची मुदत संपल्यावर येतो. तरीही पहिल्याच दिवशी १ कोटी ३० लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी पार पाडली.

कोविनमध्ये शिरण्याची रीत मुळात बरीच सोपी होती, हे आधी सांगायला हवं. युजरनेम नाही, पासवर्ड नाही, ईमेल नाही. मोबाइल नंबर टाकायचा, आलेला कोड टाकायचा, की आत. मग नाव, जन्माचं वर्ष, लिंग आणि एखाद्या ओळखपत्राचा क्रमांक. एका नंबरावर चार जणांची नोंद होत होती, त्यामुळे घरात एकच फोन असला तरी चौघांचं काम भागत होतं. आपल्याकडच्या सरकारी अर्जांची सवय असलेल्या माणसाला हे अगदीच थोडक्यात आटोपल्यासारखं वाटावं. ज्यांनी ही रचना केली त्यांनी विचार केला होता.

आणि तरीही लाखो माणसं बाहेर राहिली. पान इंग्रजीत होतं. मराठीसह इतर भारतीय भाषा जूनच्या पहिल्या आठवड्यात आल्या, म्हणजे ऐन गरजेचे पाच-सहा आठवडे उलटून गेल्यावर. वेळ पक्की करायला वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं ओळखून टाकावी लागत. ज्यांची बोटं सरावलेली आणि नेट वेगवान, त्यांनी शहरातून उठून शेजारच्या तालुक्यातल्या केंद्रांवरच्या वेळा घेतल्या, आणि तिथल्या गावांतली माणसं बघत राहिली. या वयोगटाला थेट सरकारी केंद्रावर जाऊन नाव नोंदवण्याची मुभा २४ मे रोजी मिळाली. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने केंद्र सरकारला विचारलं, की ज्यांच्याकडे साधनं नाहीत त्यांनी केवळ डिजिटल नोंदणीतून लस कशी मिळवायची?

संकेतस्थळ बनवणाऱ्यांच्या दृष्टीने नोंदणी आणि लॉगिन ही किरकोळ बाब असते. खरं काम आतल्या पानांवर. पण आत पोचताच आलं नाही, तर आतलं सगळं काम त्या माणसापुरतं नसल्यातच जमा. आणि या किरकोळ समजल्या जाणाऱ्या बाबीमागे साठ वर्षांचा इतिहास आहे, त्यातल्या चुका आपण अजून निस्तरतो आहोत.

संगणकावरचा पासवर्ड जन्माला आला तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये. फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने एकच संगणक अनेकांना आळीपाळीने वापरता यावा अशी व्यवस्था उभारली होती. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाला ठरवून दिलेला वेळ पुरेना. त्याने पासवर्डांची सबंध फाइलच छापून घेण्याची विनंती संगणकाला केली, आणि यादी हाती आली. म्हणजे पासवर्ड आणि पासवर्डची चोरी यांच्यात फारसं अंतर गेलंच नाही.

१९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन या दोन संशोधकांनी लोकांनी स्वतः निवडलेले ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांतले ८६ टक्के सहज शोधता येण्यासारखे निघाले: अगदी आखूड, किंवा शब्दकोशातले शब्द, किंवा नावं. यावर दोन उत्तरं शक्य होती. एक म्हणजे माणूस जसा आहे तसा धरून व्यवस्था बदलायची. दुसरं म्हणजे माणसालाच नियम लावायचे. जगाने दुसरं निवडलं. अमेरिकेच्या प्रमाणन संस्थेत, म्हणजे निस्टमध्ये, बिल बर यांनी २००३ च्या सुमारास एक मार्गदर्शिका लिहिली. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह आणि ठरावीक मुदतीने बदल, हे नियम तिथून जगभरच्या बँकांत, विद्यापीठांत, कचेऱ्यांत शिरले. त्याआधीच, १९९९ मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या ॲन ॲडम्स आणि अँजेला सासे यांनी दाखवून दिलं होतं, की न झेपणारे नियम लावले की माणसं पासवर्ड कागदावर लिहितात, एकालाच एक आकडा जोडत नेतात, आणि सुरक्षितता घटते. वापरणारा हा शत्रू नाही, असं त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच होतं. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

२००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या दोन संशोधकांनी सुमारे पाच लाख लोकांच्या सवयी मोजल्या. सरासरी माणसाची पासवर्ड लागणारी खाती २५, आणि त्यांच्यासाठी त्याच्याकडे पासवर्ड साधारण साडेसहा. हे आळसाने होत नाही. डोक्यात त्याहून अधिक मावत नाही.

२०१७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. निस्टने आपली मार्गदर्शिका उलटी केली: चिन्हांची सक्ती नको, विनाकारण मुदतीने बदल नको, लांब पासवर्ड चालू द्या, चिकटवलेला (पेस्ट केलेला) पासवर्ड स्वीकारा, आणि चोरीला गेलेल्या पासवर्डांच्या यादीत तो आहे का एवढं यंत्राने तपासावं. आधीच निवृत्त झालेल्या बर यांनी त्याच वर्षी एका मुलाखतीत सांगितलं, की आपण केलेल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. ज्याचे नियम जगभर पाळले गेले त्या माणसाने हे उघड बोलावं, याचं मला मोल वाटतं. आपल्याकडची कितीतरी संकेतस्थळं मात्र अजून तोच जुना पाढा म्हणतात. ‘किमान एक विशेष चिन्ह’ हवं म्हणतात, पण कोणती चिन्हं चालतात ते सांगत नाहीत. आणि पासवर्ड चिकटवू देत नाहीत; म्हणजे जो माणूस पासवर्ड सांभाळणारं साधन वापरून नीट वागतो आहे, त्यालाच अडवतात.

व्यापाऱ्यांना हे धडे लवकर कळले, कारण त्यांचा तोटा हिशेबात दिसतो. अमेरिकी अभ्यासक जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये एका मोठ्या विक्रेत्याची हकिकत लिहिली. खरेदीची टोपली भरल्यावर आणि पैसे देण्याआधी एक छोटा फॉर्म येई: ईमेल, पासवर्ड, ‘लॉगिन’ आणि ‘नोंदणी’ अशी दोन बटणं. नव्या गिऱ्हाइकाला वस्तू हवी होती, खातं नको होतं. जुन्या गिऱ्हाइकाला कोणता ईमेल दिला होता तेच आठवेना. तपासात दिसलं, की ४५ टक्के गिऱ्हाइकांची एकाहून अधिक खाती झाली आहेत. रोज १,६०,००० लोक पासवर्ड मागवत होते, आणि त्यांतले ७५ टक्के पुढे खरेदीच करत नव्हते. मग ‘नोंदणी’ काढून तिथे ‘पुढे’ असं बटण ठेवलं, आणि खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही अशी एक साधी ओळ लिहिली. खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. पहिल्या वर्षी ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली.

विक्रेत्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, पीकविमा यांना दुसरं दुकान नाही. त्यामुळे तिथला तोटा कुठल्याच हिशेबात दिसत नाही. तो माणूस एकतर हक्क सोडून देतो, किंवा पैसे मोजून मध्यस्थ गाठतो.

तो मध्यस्थ कसा काम करतो हे बघायला मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी एका ई-सेवा केंद्रात दुपारभर बसले. दहा बाय बाराची खोली, दोन संगणक, एक छपाई यंत्र, भिंतीवर योजनांची पत्रकं. बाहेरच्या बाकावर सात-आठ माणसं. एक मावशी मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आल्या होत्या. केंद्रचालकाने विचारलं, “मावशी, मागच्या वर्षीचा आयडी-पासवर्ड?” मावशी म्हणाल्या, “तो तुमच्याकडंच की!” आणि खरंच होता. ड्रॉवरमधून त्याने एक जाड वही काढली. गावाच्या नावाने पानं पाडलेली. प्रत्येक ओळीत नाव, युजरनेम, पासवर्ड, मोबाइल. जवळजवळ सगळे पासवर्ड एकाच साच्यातले: नावाची पहिली चार अक्षरं, मधे एक चिन्ह, शेवटी १२३. “नियमात बसतो आणि मला लक्षात राहतो,” तो म्हणाला.

त्या वहीत एका तालुक्याच्या निम्म्या कुटुंबांची दारं उघडता येतील एवढा ऐवज होता. तो केंद्रचालक मुलगा प्रामाणिक आहे, त्याच्यावर लोकांचा जीव आहे. पण वही हरवली तर? दुकान दुसऱ्याने घेतलं तर? अवघड लॉगिनची बाजू घेणारे नेहमी सुरक्षिततेचा दाखला देतात. त्यांनी ही वही बघावी. नियम जितके कडक, तितके लोक आपली किल्ली दुसऱ्याच्या हातात देतात, आणि मग त्या किल्लीने कोण आत गेलं हे कुठल्याही यंत्राला सांगता येत नाही.

मावशींचा अर्ज पुढे नावापाशी अडला. आधारवर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरं, बँकेत तिसरं. मराठी घरांत हे नवीन नाही. लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. इंग्रजीत लिहिताना कधी एक ‘ए’, कधी दोन. आपल्या बहुतेक फॉर्मांत मात्र नावाचे तीन कप्पे असतात, आणि तीनही भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम बंधनकारक केला आहे. निर्णय चांगला आहे. पण ही मुलं मोठी होऊन अर्ज भरू लागतील तेव्हा तीन कप्प्यांत चार नावं कशी बसवायची? उपाय साधा आहे: एकच लांब चौकट, ‘पूर्ण नाव, कागदावर आहे तसं’. देवनागरीत लिहिलं तरी चालावं. दोन कागदांवरची नावं किंचित वेगळी असली तर अर्ज फेकून न देता तो माणसाच्या तपासणीसाठी पुढे जावा.

आकड्यांचंही तेच. मराठी कीबोर्डवरून मोबाइल नंबर देवनागरी आकड्यांत टाकला की अनेक फॉर्म लाल अक्षरांत ‘अवैध क्रमांक’ म्हणतात. शाळेत जे आकडे शिकवले तेच चुकीचे कसे, हे त्या माणसाला कुणी सांगत नाही. खरं तर देवनागरी ९ चा इंग्रजी 9 करणं हे यंत्राचं काम, ते दोन ओळींच्या प्रोग्रामने होतं. आधार क्रमांक चार-चार आकड्यांच्या गटांत छापलेला असतो. माणूस तसाच, मधे जागा सोडून टाकतो, आणि फॉर्म अडतो. जागा गाळून घ्यायला एक ओळ पुरते.

त्याच दुपारी एक विरोधाभास डोळ्यांसमोर होता. बाकावरच्या त्या सात-आठ जणांपैकी बहुतेकांनी फी यूपीआयने दिली. स्वतःच्या फोनवरून, कुणाला न विचारता. मावशींनीही. ज्या बाईला एका सरकारी पानावर लॉगिन करता येत नाही, ती बँकेतले पैसे सराईतपणे हलवते आहे. तेव्हा अडाणीपणाचं कारण पुढे करू नये.

यूपीआय २०१६ मध्ये आलं. त्यातली नोंदणी कशी होते ते नीट बघण्यासारखं आहे. ॲप उघडलं की तुमच्याच फोनमधून एक एसएमएस आपोआप बाहेर जातो. त्यावरून व्यवस्थेला कळतं, की हे सिमकार्ड याच फोनमध्ये आहे. त्या नंबराला जोडलेली बँक खाती समोर येतात. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख टाकून एकदाच पिन ठरवायचा. त्यानंतर रोजच्या वापरात लक्षात ठेवायचे ते चार किंवा सहा आकडे. नाव टाइप करायचं नाही, पत्ता नाही, कोडी सोडवायची नाहीत. ओळख पटवण्याचं ओझं माणसाच्या स्मरणशक्तीवरून उचलून फोन आणि बँक यांच्यावर टाकलं. आणि हे देशातल्या सगळ्यात जोखमीच्या कामासाठी, पैशासाठी केलं. ते शिष्यवृत्तीसाठी करता येत नाही असं कुणी म्हणू नये.

ओटीपी हा त्याच दिशेचा, पण अर्धवट उपाय आहे. तो येईपर्यंत रेंज हवी. आणि डोंगरातल्या वाडीवर ती टेकाडावर चढल्यावर मिळते. फोन नवऱ्याजवळ, नवरा शेतावर, आणि कोडची मुदत काही मिनिटांची. रिचार्ज न केल्याने बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, आणि आधारला मात्र तोच जुना नंबर जोडलेला राहतो. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत २०२५ मध्ये लाभार्थी स्त्रीच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही मागितला गेला. कुटुंबाच्या उत्पन्नाची पडताळणी हा त्यामागचा हेतू. पण विधवेने काय करायचं, घटस्फोटितेने काय करायचं, जिचे वडील हयात नाहीत तिने कुणाचा ओटीपी आणायचा, याचं उत्तर त्या पानावर नव्हतं. नंतर मुदत वाढवावी लागली आणि अशा स्त्रियांसाठी वेगळी सोय करावी लागली. एका चौकटीत काय लिहायचं हे ठरवताना कुणाचं कुटुंब डोळ्यांसमोर होतं, ते अशा वेळी कळतं. ती चौकट आखणाऱ्यांच्या बैठकीत एखादी एकटी बाई असती, तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला असता.

आता ओटीपीच्याही पुढची वाट तयार होते आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या नव्या निर्देशांनुसार एप्रिल २०२६ पासून डिजिटल व्यवहारांत दोन टप्प्यांची पडताळणी कायम आहे, पण दुसरा टप्पा एसएमएसचाच हवा असा आग्रह नाही. जगभरात ‘पासकी’ नावाची पद्धत पसरते आहे. तिच्या मागचं तांत्रिक प्रमाण २०१९ मध्ये मान्य झालं; मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ते मिळून राबवायचं जाहीर केलं. यात खातं उघडताना फोन किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. एक भाग संकेतस्थळाकडे जातो, दुसरा गुप्त भाग संकेतस्थळाला कधीच मिळत नाही. लॉगिनच्या वेळी संकेतस्थळ एक नवं कोडं पाठवतं, तुम्ही अंगठा टेकवता किंवा फोनचं कुलूप उघडता, आणि फोन गुप्त भागाने ते कोडं सोडवून परत पाठवतो. अंगठ्याचा ठसा फोनबाहेर जात नाही. संकेतस्थळाचा साठा चोरीला गेला तरी चोराच्या हाती कामाचं काही लागत नाही. आणि हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर पासकी चालतच नाही, कारण ती खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते. ‘बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्याला सांगण्यासारखं माणसाजवळ काही उरत नाही. फसवणुकीने घरं बुडताना बघितलेल्या कुणालाही हे केवढं मोठं आहे ते समजेल.

पण याच पद्धतीत मला एक खोल अडचण दिसते, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे बोललं जात नाही. अँड्रॉइड फोनवर पासकी सहसा गूगल खात्यात साठते. ते खातं गावाकडच्या माणसाने स्वतः उघडलेलं नसतं. फोन घेतला त्या दुकानात, फोन चालू करून देताना दुकानातल्या पोराने ते उघडलेलं असतं. ईमेल कोणता, पासवर्ड काय, हे मालकाला ठाऊक नसतं. फोन हरवला किंवा पाण्यात पडला, की नव्या फोनवर पुन्हा नवं खातं. मग जुन्या खात्यातल्या सगळ्या पासकी गेल्याच. शिवाय एकाच फोनवर सासू, सून, कॉलेजातला मुलगा अशी तिघांची कामं होत असतील, तर फोनचं कुलूप उघडणारा प्रत्येक अंगठा प्रत्येकाच्या खात्यात शिरू शकतो. कोविनने एका नंबरावर चार माणसं मान्य केली होती. पासकी एका माणसाला एक फोन धरून चालते.

म्हणून लॉगिनची खरी परीक्षा नेहमीच्या दिवशी होत नाही. ती होते नंबर बदलल्यावर, फोन फुटल्यावर, नवरा गेल्यावर, सासर सुटल्यावर. तेव्हा परत आत शिरण्याची वाट कशी आहे, यावर त्या व्यवस्थेचा दर्जा ठरवावा. बँकेच्या शाखेत पासबुक आणि ओळखपत्र घेऊन गेलं, की नंबर बदलून मिळतो. तिथे बसलेला माणूस ओळख पटवतो आणि त्याची सही राहते. सरकारी खात्यांनाही अशी खिडकी द्यायला हवी, टपाल कार्यालयात, तलाठ्याकडे किंवा त्याच ई-सेवा केंद्रात. आणि केंद्रचालकाला दुसऱ्यांच्या नावाने लॉगिन करायला लावण्याऐवजी त्याचं स्वतःचं रीतसर खातं द्यावं, ज्यातून तो नागरिकाच्या संमतीने अर्ज भरेल आणि कुणी भरला याची नोंद उरेल. मग त्या वहीची गरज राहणार नाही.

काही मागायच्या आधी ते लागणार आहे का, हेही विचारायला हवं. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. ज्या कामासाठी संमती घेतली त्याला जरूर तेवढीच माहिती घ्यावी, असं त्यात आहे. योजनेची माहिती वाचायला नोंदणी कशाला? अर्जाची स्थिती बघायला अर्ज क्रमांक पुरत असताना ईमेल, जात, उत्पन्न यांचे रकाने कशाला? वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा तर अंध माणसाला आणि म्हाताऱ्या डोळ्यांना सरळच बाहेर ठेवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या जागतिक सुगम्यता निकषांत स्पष्ट म्हटलं आहे, की लॉगिनसाठी माणसाला काही पाठ ठेवायला किंवा कोडं सोडवायला लावायचं असेल, तर दुसरी वाट किंवा मदतीची सोय सोबत हवी. त्याच निकषांत आणखी एक साधी गोष्ट आहे: एकदा दिलेली माहिती त्याच अर्जात पुन्हा मागू नये.

केंद्रचालकाला मी विचारलं, संकेतस्थळ बनवणारे समोर आले तर काय सांगशील? त्याला विचार करावा लागला नाही. चूक कुठल्या रकान्यात झाली ते मराठीत लिहा, म्हणाला. वर नुसतं ‘त्रुटी’ लिहून अख्खा अर्ज परत पाठवू नका. पासवर्ड दिसण्यासाठी डोळ्याचं बटण द्या. शेवटच्या तारखेच्या आठवड्यात सर्व्हर बसतो हे दरवर्षीचं आहे, तर तयारी ठेवा. आणि अर्धा भरलेला अर्ज जिथे होता तिथे साठवा, कारण आमच्याकडे दुपारी वीज जाते, आणि बाकावरची माणसं एका दिवसाची मजुरी बुडवून आलेली असतात.